जेलीफिनवर व्हिडिओ टाकायचे कसे आणि नंतर सांभाळायचे कसे (एकदम नवीन लोकांसाठी)

बऱ्याच घरांत आणि मंडळांत रेकॉर्डिंगचा मोठा साठा पडून असतो. लग्नाच्या कॅसेटवरून करून घेतलेल्या डीव्हीडी, गणेशोत्सवातल्या एकांकिका, गॅदरिंग, कीर्तनं, कुणीतरी मोबाइलवर घेतलेली आजीची मुलाखत, आणि हे सगळं पाच वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. बघायचं म्हटलं की आधी डिस्क कुणाकडे आहे ते शोधा, मग ती चालते का बघा. स्वतःचा व्हिडिओ ऑन डिमांड सर्व्हर लावला की हे एका जागी येतं, आणि घरातला कुणीही टीव्हीवर किंवा मोबाइलवर नाव शोधून प्ले करू शकतो.

मी इथे जेलीफिन धरून सांगतोय, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ घरातल्या बाकी स्क्रीनवर दाखवणारा सर्व्हर प्रोग्रॅम. २०१८ च्या शेवटी एम्बी नावाच्या सर्व्हरने आपला कोड सगळ्यांना खुला ठेवणं बंद केलं तेव्हा त्याच्या जुन्या खुल्या कोडवरून काही लोकांनी जेलीफिन वेगळं काढलं, ते पूर्ण फुकट आहे, कुठलंच फीचर पैसे भरून उघडावं लागत नाही आणि अकाउंट बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे काढावं लागत नाही. इन्स्टॉल करणं सोपं आहे त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही: विंडोजसाठी इन्स्टॉलर आहे, उबुंटू-डेबियनसाठी पॅकेज आहे, डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय) वापरणाऱ्यांसाठी इमेज आहे. चालू झालं की त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये इंग्रजीत लोकलहोस्ट, मग कोलन आणि पोर्ट ८०९६ असा पत्ता उघडायचा, अॅडमिनचं नाव-पासवर्ड ठरवायचा. तिथे तो लगेच लायब्ररी, म्हणजे त्याने दाखवायचे व्हिडिओचे फोल्डर, जोडायला सांगतो, ते मात्र स्किप करा, नंतर कधीही जोडता येते.

स्किप का, तर सर्व्हर तुमच्या फाइल्स स्वतः लावत नाही. तो फोल्डर वाचतो आणि जे दिसेल ते दाखवतो. नवीन लोक आधी सगळा पसारा सर्व्हरला दाखवतात आणि मग स्क्रीनवर बसून एकेक नाव दुरुस्त करत राहतात, त्यात महिना जातो आणि कंटाळून सोडून देतात. शिस्त डिस्कवर लावा, सर्व्हर आज जेलीफिन आहे, उद्या दुसरा काही असेल, पण नीट नाव दिलेली फाइल आणि तिच्या शेजारी ठेवलेली माहिती कुठेही कामाला येते.

आधी फोल्डर

मोठ्या डिस्कवर एक मुख्य फोल्डर करा आणि आत प्रकारानुसार भाग पाडा: सिनेमे, मालिका, कार्यक्रम, घरचे व्हिडिओ. आणि एक आणखी फोल्डर, त्याला मी आवक म्हणतो, तो लायब्ररीत कधीच जोडायचा नाही. जे काही नवीन येईल ते आधी आवकमध्ये पडेल, तिथे तपासायचं, नाव द्यायचं आणि मगच आत हलवायचं.

आवक आणि बाकी फोल्डर एकाच डिस्कवर, एकाच पार्टिशनवर (डिस्कच्या एकाच भागावर) हवेत. पेनड्राइव्हवरून चार जीबीची फाइल थेट लायब्ररीच्या फोल्डरमध्ये कॉपी करायला लावली तर ती पूर्ण व्हायच्या आधीच सर्व्हर स्कॅन करू शकतो, मग अर्धवट फाइलची चुकीची लांबी नोंदवली जाते किंवा ती प्लेच होत नाही. एकाच पार्टिशनवर फाइल मूव्ह केली तर ती कॉपी होत नाही, नुसता पत्ता बदलतो, त्यामुळे क्षणात होतं आणि सर्व्हरला नेहमी पूर्ण फाइलच दिसते. नेटवर्कवरून पाठवत असाल तर आरसिंक नावाचा कॉपी करणारा प्रोग्रॅम वापरा, मध्ये वाय-फाय गेलं तरी योग्य ऑप्शन दिल्यावर राहिलेल्या जागेपासून पुढे चालू करता येतं.

डिस्कचा फॉरमॅटसुद्धा बघून घ्या. जुन्या पेनड्राइव्हवर फॅट३२ असतो, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. सर्व्हर लिनक्सवर असेल तर डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये करा, परमिशन (कुणी वाचायचं, कुणी लिहायचं ते) नीट चालतात.

नाव कसं द्यायचं

सिनेमा असेल तर प्रत्येक सिनेमाला स्वतःचं फोल्डर, फोल्डरचं आणि आतल्या फाइलचं नाव एकच: सिनेमाचं नाव, स्पेस, कंसात वर्ष. वर्ष टाळू नका. श्यामची आई नावाचे दोन सिनेमे आहेत, एक १९५३ चा आणि एक २०२३ चा, वर्ष नसेल तर सर्व्हर भलत्याच सिनेमाचं पोस्टर लावून मोकळा होतो. वर्षाचे आकडे फाइलच्या नावात इंग्रजी टाइप करा.

मालिकेसाठी मालिकेच्या नावाचं फोल्डर, त्यात सीझन ०१ असं फोल्डर, आणि आत फाइलच्या नावात एस०१ई०१, म्हणजे इंग्रजी एस, दोन आकडी सीझन, लगेच ई आणि एपिसोडचा आकडा, मध्ये स्पेस नाही. सीझन हा शब्दही इंग्रजी अक्षरांत हवा. दिवाळी स्पेशल वगैरे भाग सीझन ०० मध्ये जातात.

देवनागरीत नावं द्यायची का, तर हो, देता येतात, सर्व्हरला युनिकोड चालतं. पण मराठी लोकांनाच जाणवणारी एक अडचण आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट घेतं, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजून. म्हणजे ज्ञानेश्वरी एवढाच शब्द ३३ बाइट खातो आणि एकूण साधारण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. विंडोजवर ही मर्यादा वेगळ्या पद्धतीने मोजतात म्हणून तिथे लांब नाव आरामात बसतं, आणि तीच फाइल लिनक्स सर्व्हरवर टाकताना नाव फार लांब आहे अशी एरर येते आणि लोक डिस्क खराब झाली म्हणून घाबरतात. तेव्हा स्थळ, प्रमुख पाहुणे, सगळ्या कलाकारांची नावं फाइलच्या नावात कोंबू नका, त्याची जागा वेगळी आहे, ती खाली येतेच.

घरच्या आणि मंडळाच्या रेकॉर्डिंगला मी तारीख आधी लावतो: वर्ष-महिना-दिवस, मग कार्यक्रमाचं छोटं नाव. असं केलं की कुठल्याही कॉम्प्युटरवर, सर्व्हर नसतानाही, फाइल्स आपोआप कालक्रमाने लागतात. तारीख माहीत नसेल तर फक्त वर्ष, अंदाजाने तारीख टाकू नका, दहा वर्षांनी तीच खरी समजली जाते.

फाइल सर्व्हरला झेपेल का

जेलीफिन व्हिडिओ तीन प्रकारे दाखवतो. टीव्ही किंवा मोबाइलला फाइल जशीच्या तशी चालत असेल तर ती तशीच पाठवतो, याला डायरेक्ट प्ले म्हणतात, सर्व्हरवर लोड जवळपास शून्य. व्हिडिओ-ऑडिओ चालतोय पण वरचं वेष्टन, म्हणजे एमकेव्ही वगैरे, चालत नाही, तर तो फक्त वेष्टन बदलतो, तेही हलकं काम. आणि काहीच जमत नसेल तर तो एफएफएमपेग नावाचं सॉफ्टवेअर वापरून सगळा व्हिडिओ चालू असतानाच नव्याने बनवतो, ते ट्रान्सकोडिंग. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून लावला असेल तर पंखा जोरात फिरायला लागतो आणि व्हिडिओ अडकतो तो यामुळे.

सगळीकडे चालणारं कॉम्बिनेशन म्हणजे एमपी४ मध्ये एच२६४ आठ बिट व्हिडिओ आणि एएसी ऑडिओ (ही व्हिडिओ-ऑडिओ दाबून साठवायच्या पद्धतींची नावं). घरच्या रेकॉर्डिंगसाठी हेच धरा. नवीन मोबाइल एचईव्हीसी या नव्या पद्धतीत शूट करतात, जागा कमी लागते पण जुन्या टीव्हीवर आणि काही ब्राउझरमध्ये ते चालत नाही. फाइलमध्ये नक्की काय आहे हे मीडियाइन्फो नावाच्या छोट्या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसतं, आवकमध्ये असतानाच बघून घ्या.

सातव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर बहुतेक कामांना पुरतो, त्यातलं क्विक सिंक हे व्हिडिओसाठीचं हार्डवेअर डॅशबोर्डच्या (अॅडमिनच्या सेटिंगच्या पानाच्या) प्लेबॅक भागातून चालू करता येतं आणि मग ट्रान्सकोडिंगचा भार प्रोसेसरवरून उतरतो. रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर घ्यायचा विचार असेल तर त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही हे लक्षात ठेवा, सगळं डायरेक्ट प्ले होणार असेल तरच तो ठीक.

जुन्या डीव्हीडी आणि कॅसेटचं मात्र सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे खरा साठा तोच आहे. आपल्याकडची सिस्टिम पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅसेटवरचा व्हिडिओ इंटरलेस्ड असतो, म्हणजे एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी साठवलेली. आजच्या स्क्रीनवर तो तसाच चालवला तर कुणी हात हलवला की कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा, व्हिडिओ एच२६४, क्वालिटीचा आकडा २० च्या आसपास (आकडा कमी तेवढी क्वालिटी जास्त आणि फाइल मोठी), फ्रेम रेट सेम अॅज सोर्स. साइज वाढवून १०८० करू नका, नसलेली बारकाई येत नाही, फक्त जागा जाते. डीव्हीडीवरचा कार्यक्रम असेल तर व्हिडिओ-टीएस नावाचं पूर्ण फोल्डर आधी डिस्कवर उतरवून घ्या आणि मग त्यावरून हँडब्रेक चालवा, घासलेल्या डीव्हीडीवरून थेट एन्कोड करायला गेलात तर मध्येच थांबतं.

आणि मूळ फाइल डिलीट करू नका. मिनीडीव्ही कॅसेटवरून उतरवलेला व्हिडिओ तासाला साधारण १३ जीबी होतो, हे बघून लोकांना वाटतं एमपी४ झालं आता मूळ कशाला. पण पुढे याहून चांगलं डीइंटरलेस करणारं सॉफ्टवेअर येईल, आणि तेव्हा कॅसेट चालवणारी मशीन कुणाकडे नसेल. मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर, कपाटात. सर्व्हरवर फक्त बघायची प्रत.

आता लायब्ररी जोडा

डॅशबोर्ड, लायब्ररीज, अॅड मीडिया लायब्ररी. पहिला प्रश्न कंटेंट टाइप, आणि तो नीट निवडा कारण नंतर बदलायचा तर लायब्ररी काढून परत जोडावी लागते. सिनेमांना मूव्हीज, मालिकांना शोज. घरच्या क्लिप्स आणि फोटोंना होम व्हिडिओज अँड फोटोज, ते फोल्डर जसं आहे तसं दाखवतं. नाटक, एकांकिका, कीर्तन, व्याख्यान यांना मी मूव्हीजच देतो पण त्या लायब्ररीत इंटरनेटवरून माहिती आणणारे सगळे टिक काढून टाकतो. नाहीतर तुमच्या मंडळाच्या एकांकिकेला एखाद्या परदेशी सिनेमाचं पोस्टर आणि वर्णन लागतं.

सिनेमांच्या लायब्ररीत मेटाडेटाची (म्हणजे नाव, वर्णन वगैरे माहितीची) भाषा मराठी निवडा. माहिती टीएमडीबी या साइटवरून येते, तिथे मराठी वर्णन असलं तर मराठी, नसलं तर इंग्रजी. चुकीचा सिनेमा जुळला असेल तर त्याच्या तीन टिंबांच्या मेनूत आयडेंटिफाय आहे, तिथे योग्य नाव-वर्ष देऊन शोधता येतं.

लिनक्सवर लायब्ररी जोडली आणि आत काहीच दिसलं नाही तर दहापैकी नऊ वेळा कारण परमिशन असतं. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतो, त्याचं नावही जेलीफिनच, आणि त्या युजरला मुख्य फोल्डरपासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक पायरीवर आत जायची आणि वाचायची परवानगी हवी. तुमच्या होम फोल्डरमध्ये व्हिडिओ ठेवले असतील तर तिथेच तो अडतो. डॉकरमध्ये असाल तर डिस्कचा पत्ता कंटेनरच्या आत वेगळा दिसतो, लायब्ररी जोडताना आतला पत्ता द्यायचा.

नवीन फाइल टाकल्यावर ती आपोआप दिसायला रिअल टाइम मॉनिटरिंग असतं, पण व्हिडिओ नेटवर्क शेअरवर असतील तर त्यावर विसंबू नका, स्कॅन ऑल लायब्ररीज बटण दाबा किंवा शेड्यूल्ड टास्कमध्ये रात्रीची वेळ लावा. मशीन साधं असेल तर ट्रिकप्ले इमेजेस (व्हिडिओ पुढे-मागे सरकवताना दिसणारी छोटी चित्रं) आणि चॅप्टर इमेजेस सुरुवातीला बंदच ठेवा, शेकडो व्हिडिओंसाठी ती चित्रं बनवण्यात दिवस जातात.

जे नेटवर कुठेच नाही त्याची माहिती

माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. सिनेमाची माहिती जगात कुठेतरी आहे, ती परत मिळेल. १९९४ च्या एकांकिकेत भूमिका कुणी केली, दिग्दर्शन कुणाचं, तबल्यावर कोण, प्रयोग कुठल्या हॉलमध्ये झाला, हे तुमच्या मंडळातल्या दोन-चार माणसांच्या डोक्यात आहे आणि दुसरीकडे कुठेही नाही.

लायब्ररीच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा सेव्हर म्हणून एनएफओ टिक करा आणि चित्रं मीडिया फोल्डरमध्येच सेव्ह करायचा ऑप्शनही टिक करा. यासाठी जेलीफिन युजरला लिहायचीही परवानगी लागते. मग व्हिडिओच्या मेनूतून एडिट मेटाडेटा उघडा, शीर्षक देवनागरीत, वर्णनात स्थळ-प्रसंग-रेकॉर्डिंग कुणी केलं, पीपल या भागात माणसं आणि त्यांची भूमिका, टॅगमध्ये एकांकिका, अभंग, व्याख्यान असं काही. सेव्ह केलं की ही सगळी माहिती व्हिडिओच्या शेजारी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, म्हणजे एनएफओमध्ये, लिहिली जाते. उद्या सर्व्हर पूर्ण उडाला, तीच डिस्क नवीन जेलीफिनला जोडली की सगळं परत वाचलं जातं, आणि जेलीफिन नसलं तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून माणसाला वाचता येते. माहिती भरून झाल्यावर त्या आयटमला लॉक लावा. आणि रिप्लेस ऑल मेटाडेटा या ऑप्शनपासून लांब राहा, हाताने लिहिलेलं त्याने पुसलं जाऊ शकतं, रोजच्या कामाला नवीन फाइल्स शोधणारा साधा स्कॅन पुरतो.

पीपलमध्ये नाव टाकलं की त्या नावावर क्लिक करून त्या माणसाचे सगळे कार्यक्रम एकत्र दिसतात. म्हणून नाव प्रत्येक वेळी अगदी सारखं लिहा, एकदा अण्णा, एकदा पूर्ण नाव असं केलंत तर तो दोन माणसं समजतो. घरातल्या वयस्कर माणसांना शेजारी बसवून हे काम करा, व्हिडिओ चालू ठेवून चेहरे विचारत जा, भराभर नावं निघतात.

देवनागरी शीर्षकांचा यादीतला क्रम नीट लागत नसेल तर सॉर्ट टायटल या रकान्यात तेच नाव रोमन अक्षरांत द्या. दिसताना मराठीच दिसतं, फक्त क्रम नीट लागतो.

पोस्टर म्हणून व्हिडिओतलीच एखादी चांगली फ्रेम घ्या, पोस्टर डॉट जेपीजी नावाने त्याच फोल्डरमध्ये ठेवा. जुन्या कार्यक्रमाची छापील पत्रिका असेल तर तिचा स्कॅन सगळ्यात छान दिसतो.

सबटायटल

एसआरटी, म्हणजे सबटायटलची टेक्स्ट फाइल, व्हिडिओच्याच नावाने ठेवायची आणि शेवटी टिंब देऊन भाषेचा कोड, मराठीसाठी इंग्रजीत एम आर. फाइल युटीएफ-८ मध्ये सेव्ह हवी. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर स्क्रीनवर निरर्थक अक्षरं येतील, आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या. काही टीव्हींवर सर्व्हरला सबटायटल व्हिडिओवर छापून पाठवावं लागतं, तेव्हा सर्व्हर मशीनवर देवनागरी फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, नोटो सान्स देवनागरी टाकून ठेवा. डीव्हीडीतली सबटायटल ही मुळात चित्रं असतात, ती चालू केली की बहुतेक वेळा ट्रान्सकोडिंग सुरू होतं.

कुणाला काय दिसेल

प्रत्येकाला वेगळा युजर करून द्या, कोण कुठपर्यंत बघत होता ते त्याच्या त्याच्या नावावर राहतं, आणि कुठली लायब्ररी कुणाला दिसेल तेही ठरवता येतं. घरचे खासगी व्हिडिओ मंडळाच्या युजरना दिसायचं कारण नाही. डिलीट करायची परवानगी अॅडमिन सोडून कुणालाही देऊ नका, कारण इथलं डिलीट म्हणजे डिस्कवरची खरी फाइल जाते, रिसायकल बिन नाही. अॅडमिनचं अकाउंट रोज बघायला वापरू नका, टीव्हीवर तर नाहीच.

हक्कांचं पण बघा. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. एकांकिका तुमच्या मंडळाने केली तरी संहिता लेखकाची असते, सगळ्यांना लिंक वाटण्याआधी लेखकाला आणि कलाकारांना विचारा, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

परदेशातल्या मुलांना किंवा गावाकडच्या घरी दाखवायचं असेल तर राउटरवर थेट पोर्ट उघडू नका. तसंही आपल्याकडच्या पुष्कळ कनेक्शनना सीजीनॅट असतं, म्हणजे तुमचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच, पोर्ट उघडून काही होत नाही. टेलस्केलसारखं व्हीपीएन सर्व्हरवर आणि बघणाऱ्याच्या मशीनवर टाका, मग दोघं एकाच घरातल्या नेटवर्कवर असल्यासारखं चालतं. आणि बाहेरून बघताना तुमचा अपलोड स्पीड मोजला जातो, डाउनलोड नाही, त्यामुळे बाहेरच्या युजरना डॅशबोर्डमधून बिटरेटची (सेकंदाला किती डेटा जाईल त्याची) मर्यादा लावून द्या.

वरचेवर करायची कामं

लिनक्सवर बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर ती चालू होताना आपोआप आणि दरवेळी त्याच पत्त्यावर जोडली जाईल असं एफएसटॅब या सेटिंग फाइलमध्ये डिस्कच्या यूयूआयडीने (तिच्या ओळख क्रमांकाने) लावून टाका. डिस्क जोडलेली नसताना स्कॅन झालं तर सर्व्हरला वाटतं फाइल्स काढल्या, आणि लायब्ररीतून नोंदी उडू शकतात. वीज जाणाऱ्या भागात छोटा यूपीएस लावाच, जेलीफिनच्या सगळ्या नोंदी एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असतात, तो लिहिता लिहिता बंद पडला तर बिघडू शकतो. लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरला तर बॅटरी हे काम करते, फक्त बॅटरी फुगली नाही ना हे बघत जा, आणि बाहेरच्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असेल तर तीही यूपीएसवर हवी.

बॅकअप दोन गोष्टींचा: व्हिडिओ (एनएफओ आणि चित्रांसकट) दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरात. आणि सर्व्हरच्या सेटिंगचा, म्हणजे युजर, पासवर्ड, कोण काय बघितलं ते, लिनक्सवर हे व्हार-लिब-जेलीफिन आणि ईटीसी-जेलीफिन या फोल्डरमध्ये असतं, डॉकरमध्ये कॉन्फिग फोल्डरमध्ये. कॉपी घेताना सर्व्हिस थांबवा. मोठ्या व्हर्जनच्या अपडेटआधी तर हा बॅकअप हवाच, कारण अपडेटमध्ये डेटाबेसची रचना बदलली की जुन्या व्हर्जनवर मागे जाता येत नाही, मागे जायचा रस्ता तो बॅकअपच. अपडेट कार्यक्रमाच्या किंवा पाहुणे येणार त्या दिवशी करू नका, निवांत रविवारी करा आणि झाल्यावर दोन-तीन व्हिडिओ टीव्हीवर लावून बघा.